लोकशाहीसाठी युद्ध : समर्थनाचा दावा कसा तपासावा

परक्या देशात सैन्य पाठवून तेथे लोकशाही आणावी, असा प्रस्ताव पुढे येतो तेव्हा तो विचाराला सवड देत नाही. तुरुंगांची आणि सामूहिक कबरींची छायाचित्रे समोर असतात, परागंदा नेते मदतीची याचना करत असतात आणि शंका काढणारा माणूस पाहता पाहता हुकूमशहाचा वकील ठरतो. अशा वेळी आपले मत लाटेबरोबर वाहून जाऊ नये, यासाठी काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावे लागतात. तो क्रम येथे मांडला आहे. नागरिक म्हणून मत बनवणाऱ्याला, परिसंवादात बोलणाऱ्याला किंवा या विषयावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो सारखाच वापरता येईल. माझे मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते वजा करून पुढचे वाचता येईल. लोकांनी आधीच दिलेला आणि कोणीतरी बळाने दाबून ठेवलेला कौल अमलात आणण्यासाठी बाहेरचे सैन्य क्वचित प्रसंगी समर्थनीय ठरू शकते; जो कौल लोकांनी दिलेलाच नाही, तो त्यांच्या वतीने बाहेरून देण्यासाठी ते समर्थनीय ठरत नाही.

दावा एका वाक्यात लिहा आणि त्यावर तारीख घाला

पहिले काम कागदावरचे आहे. 'अमुक देश, अमुक राजवटीविरुद्ध, अमुक अधिकाराने, अमुक गोष्ट साध्य होईपर्यंत सैन्य वापरणार आहे' असे एक वाक्य लिहावे. नेत्यांची भाषणे कितीही लांबलचक असोत, या चार जागा त्यांतून भरता आल्या पाहिजेत. बहुतेक वेळा शेवटची जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी राहिली हीच एक महत्त्वाची माहिती असते.

त्यानंतर त्या वाक्यात किती वेगवेगळे हेतू एकत्र बांधले आहेत ते पाहावे. स्वसंरक्षण, चालू असलेली कत्तल थांबवणे आणि राजवट बदलून लोकशाही आणणे हे तीन निरनिराळे दावे आहेत. प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आणि प्रत्येकाची कायदेशीर स्थितीही वेगळी. प्रत्यक्षात मात्र त्यांची मोट बांधली जाते आणि एक दावा कोसळला की दुसरा पुढे केला जातो. म्हणून प्रत्येक कारणापुढे ते प्रथम कधी सांगितले गेले, याची तारीख लिहावी. इराकच्या बाबतीत हे करून पाहिले की बरेच काही स्पष्ट होते. नोव्हेंबर २००२ मधला सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १४४१ शस्त्रांविषयी होता. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेपुढे जे मांडले, तेही प्रामुख्याने सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयी होते. इराकी जनतेच्या मुक्ततेची भाषा तेव्हाही होती, नाही असे नाही. पण युद्धाचा मुख्य आधार ती नव्हती. मार्चमध्ये आक्रमण झाले, शस्त्रे सापडली नाहीत आणि त्यानंतर लोकशाहीचे कारण मागच्या रांगेतून पहिल्या रांगेत आले.

लिबियातही सरकणे दिसते, फक्त दिशा वेगळी. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ संमत केला. बाजूने १० मते पडली, विरोधात एकही नाही, आणि रशिया, चीन, भारत, ब्राझील व जर्मनी हे ५ देश तटस्थ राहिले. ठरावाने नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा दिली होती आणि लिबियाच्या भूमीवर कोणत्याही स्वरूपाचे परकीय कब्जेदार सैन्य आणण्यास मनाई केली होती. राजवट बदलण्याचा शब्दही त्यात नव्हता. महिनाही उलटला नव्हता तोच, १५ एप्रिलला, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या नेत्यांनी संयुक्त लेख प्रसिद्ध करून लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी सत्तेवर असताना लिबियाच्या भवितव्याची कल्पनाच करता येत नाही, असे जाहीर केले. हा बदल योग्य होता असे मानणारे अनेक प्रामाणिक लोक आहेत. पण ज्यांनी एका हेतूसाठी संमती दिली त्यांची दुसऱ्या हेतूसाठी संमती घेतलेली नव्हती, आणि त्याची किंमत पुढे सीरियातल्या लोकांना मोजावी लागली : ऑक्टोबर २०११ मध्ये सीरियाविषयीच्या ठरावावर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला, तेव्हा लिबियाचा अनुभव हे सांगितलेल्या कारणांपैकी एक होते.

कायदा काय म्हणतो ते आधी बघा, पण तेथेच थांबू नका

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २ मधील चौथे पोटकलम कोणत्याही राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई करते. याला दोनच मान्य अपवाद आहेत : कलम ५१ नुसार सशस्त्र हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षण, आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली परवानगी. ज्या देशाचे कायदेशीर सरकार स्वतःच मदत मागते तेथील परिस्थिती निराळी. तिच्याकडे पुढे येऊच. 'त्या देशात लोकशाही नाही' असा तिसरा अपवाद सनदेत नाही. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध आणलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी ही गोष्ट आणखी स्पष्ट केली. एखाद्या राष्ट्राने विशिष्ट विचारसरणी किंवा राजकीय व्यवस्था स्वीकारली एवढ्या कारणावरून दुसऱ्या राष्ट्राला हस्तक्षेपाचा अधिकार देणारा नियम न्यायालयाने मान्य केला नाही. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व सर्व राष्ट्रांनी स्वीकारले खरे. परंतु तेही वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चारच गोष्टींपुरते आहे. निवडणुका न घेणे हा त्यातला पाचवा गुन्हा नाही.

मग प्रश्न संपला का? नाही. १९९९ मध्ये नाटोने कोसोव्होसाठी ७८ दिवस बॉम्बहल्ले केले, तेव्हा सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, आणि नंतर नेमलेल्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने त्या कारवाईला 'बेकायदेशीर, परंतु समर्थनीय' म्हटले. कायदेशीर आणि न्याय्य यांत अंतर पडू शकते, हे मान्य करावेच लागते. मात्र बेकायदेशीर कृत्य समर्थनीय ठरवू पाहणाऱ्यावर पुराव्याचा भार दुप्पट होतो, हेही त्याबरोबर मान्य करावे लागते. आणि कोसोव्होत तो भार चालू असलेल्या अत्याचारांच्या पुराव्यावर उचलला गेला होता, लोकशाहीच्या अभावावर नव्हे.

नियम इतका कडक का आहे हे समजून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे देशांची नावे बदलून पाहणे. जो अधिकार आपण आपल्या आवडत्या राष्ट्राला देऊ इच्छितो, तोच शब्दशः आपल्याला सर्वांत अविश्वसनीय वाटणाऱ्या राष्ट्राच्या हाती ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचावे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले ते समाजवादाच्या रक्षणासाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा तेथील राजवट नाझी असल्याचे सांगण्यात आले. हे दावे खोटे होते असे म्हणणे पुरेसे नाही, कारण खरे-खोटे ठरवण्याचा अधिकारच आक्रमण करणाऱ्याकडे राहतो, हा मूळ दोष आहे. नावे बदलल्यावर जे समर्थन आपल्यालाच भीतिदायक वाटू लागते, ते वापरू नये.

मिलचा युक्तिवाद त्याच्या दोषासह समजून घ्या

या वादात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा युक्तिवाद इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये केला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा की स्वातंत्र्य टिकते ते लोकांनी स्वतः कष्टाने मिळवलेले असेल तर. कारण ते मिळवण्याच्या धडपडीतच ते राखण्यासाठी लागणारे गुण, सवयी आणि परस्परविश्वास तयार होतात. बाहेरच्याने आणून दिलेले स्वातंत्र्य बाहेरचा निघून गेला की निराधार होते. त्याच्याही आधी, १७९५ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कांटने कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या राज्यघटनेत आणि शासनात बळाने ढवळाढवळ करू नये, असे शाश्वत शांततेच्या प्राथमिक अटींमध्येच नोंदवले होते. प्रातिनिधिक शासनपद्धतीचे पुरस्कर्ते विचारवंतच बळाने ती पसरवण्याच्या विरोधात उभे राहिले, हे अशा चर्चांमध्ये सहसा सांगितले जात नाही.

मिल वाचताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. हा नियम त्याने फक्त 'सुसंस्कृत' राष्ट्रांपुरता ठेवला. ज्यांना तो रानटी म्हणत असे त्यांच्यावर परकीय सत्ता असणे त्याला हितकारक वाटत होते, आणि त्याने स्वतः १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली होती. मला हा मजकूर वाचताना प्रत्येक वेळी त्रास होतो. पण त्या त्रासाचा उपयोगही आहे. आजच्या एखाद्या प्रस्तावात 'ते लोक अजून तयार नाहीत, म्हणून काही काळ आपण' अशा अर्थाचे शब्द आले, तर ते कोणत्या घराण्यातले आहेत हे ओळखता येते.

मिलच्या युक्तिवादावरचा खरा आक्षेप दुसराच आहे. आधुनिक हुकूमशाहीपाशी हेर आहेत, रणगाडे आहेत, दूरध्वनी ऐकण्याची यंत्रणा आहे. तिच्याविरुद्ध लोकांनी स्वतःच उठाव करावा असे सुरक्षित अंतरावरून सांगणे निर्दय आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. तो इतकेच सिद्ध करतो की उठाव न होणे म्हणजे लोकांची संमती नव्हे. बाहेरून आलेले सैन्य त्या सवयी आणि तो विश्वास निर्माण करू शकते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही, आणि नेमके तेच सिद्ध करण्याची गरज असते.

लोकांनी कौल दिलेला आहे का, ते शोधा

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. वेळ कमी असेल आणि एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर हा विचारावा : त्या देशातील लोकांनी मोजता येईल अशा पद्धतीने आपली इच्छा आधीच व्यक्त केली आहे का, आणि ती दाबली गेली आहे का?

गॅम्बिया या पश्चिम आफ्रिकेतील छोट्या देशात निरक्षरतेमुळे कित्येक दशके मतदान काचेच्या गोटीने होत आले आहे. प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा पत्र्याचा पिंप असतो, त्यावर त्याचे छायाचित्र असते आणि झाकणातून निघालेल्या नळीतून मतदार गोटी आत सोडतो. गोटी आत पडताच घंटेचा टोला वाजतो. पडद्याबाहेर बसलेले अधिकारी तो ऐकतात, आणि दुसरा टोला वाजला तर कोणीतरी दोनदा मत दिले हे लगेच कळते. १ डिसेंबर २०१६ रोजी अशाच मतदानात, १९९४ च्या बंडापासून सत्तेवर असलेले याह्या जामेह सुमारे ४० टक्के मते घेऊन हरले आणि सुमारे ४३ टक्के मते मिळवून अदामा बॅरो जिंकले. जामेह यांनी पराभव मान्य केला आणि ९ डिसेंबरला शब्द फिरवला.

पुढचे दीड महिन्याचे प्रकरण ज्याला हा विषय समजून घ्यायचा आहे त्याने दिवसागणिक अभ्यासावे असे आहे. शेजारी राष्ट्रांच्या 'एकोवास' या संघटनेने आधी राष्ट्रप्रमुखांचे शिष्टमंडळ पाठवले, मग मुदत दिली, मग सीमेवर सैन्य उभे केले. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी सेनेगलमधील डाकार येथे गॅम्बियाच्या दूतावासात शपथ घेतली आणि मदत मागितली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव क्रमांक २३३७ संमत करून एकोवासला पाठिंबा दिला, परंतु राजकीय मार्ग प्रथम, असे बजावून. सैन्य सीमा ओलांडून आत आले आणि थांबले. पुन्हा वाटाघाटी झाल्या. गॅम्बियाच्या सैन्याने लढाई केली नाही. २१ जानेवारीला जामेह विमानाने देश सोडून गेले. येथे परदेशी सैनिकांनी कोणाला सत्तेवर निवडले नाही. पिंपांतल्या गोट्या आधीच मोजून झाल्या होत्या.

एवढ्यावरून नियम बनवण्याची घाई करू नये. पनामात मे १९८९ च्या निवडणुकीत गिलेर्मो एंदारा यांची आघाडी स्पष्ट असताना लष्करी हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगाने निकाल रद्द केला, म्हणजे कौल होता. पण २० डिसेंबरला अमेरिकेने जे आक्रमण केले त्यासाठी प्रादेशिक संघटनेची संमती नव्हती. अमेरिकी नागरिकांची सुरक्षा, अमली पदार्थांची तस्करी आणि पनामा कालव्याचा करार ही कारणे लोकशाहीच्या बरोबरीने सांगितलेली होती. नोरिएगा स्वतः अनेक वर्षे अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या पगारावर होता. आणि राजधानीतील एल चोरिओ ही गरिबांची वस्ती त्या कारवाईत जळाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० विरुद्ध ७५ मतांनी निषेध केला. तरीही पनामात त्यानंतर निवडणुकांची परंपरा टिकली. हे प्रकरण मला आजही अस्वस्थ करते, कारण परिणाम चांगला निघाला म्हणून मार्ग योग्य होता, असे म्हणायला मन धजावत नाही आणि एंदारा यांच्या मतदारांना वाऱ्यावर सोडायला हवे होते, असेही म्हणवत नाही.

हैतीत संमती आणि कौल दोन्ही होते. झाँ-बर्त्राँ आरिस्तीद डिसेंबर १९९० मध्ये सुमारे दोनतृतीयांश मतांनी निवडून आले, सप्टेंबर १९९१ मध्ये लष्कराने त्यांना हटवले, सुरक्षा परिषदेने ३१ जुलै १९९४ रोजी ठराव क्रमांक ९४० ने बळाच्या वापराला परवानगी दिली आणि ऐनवेळी झालेल्या समझोत्यामुळे फारसा रक्तपात न होता ते ऑक्टोबरमध्ये परतले. फेब्रुवारी २००४ मध्ये सशस्त्र बंडामुळे त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. कौल अमलात आणता येतो; तो पाळणाऱ्या संस्था मात्र विमानातून उतरवता येत नाहीत.

मराठी वाचकाच्या मनात येथे १९७१ येणारच. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या होत्या, म्हणजे दाबलेला कौल होता. जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले होते, म्हणजे कत्तलीचा पुरावा होता. ३ डिसेंबरचा पाकिस्तानी हवाई हल्ला होता, म्हणजे स्वसंरक्षणाचा आधार होता. भारतीय सैन्य मार्च १९७२ पर्यंत माघारी आले. हे उदाहरण देताना चारही गोष्टी एकत्र सांगाव्यात. यांतील एकटा कौलाचा मुद्दा उचलून 'आपणही लोकशाहीसाठी युद्ध केले' असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही.

जर्मनी आणि जपानचे उदाहरण आले तर

ते येतेच. त्याला तीन उत्तरे तयार ठेवावीत. पहिले, ते युद्ध लोकशाही पसरवण्यासाठी सुरू झाले नव्हते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चार दिवसांनी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. दुसरे, दोन्ही देशांना संसद, पक्ष आणि निवडणुकांचा पूर्वानुभव होता. जपानमध्ये १९२५ मध्येच सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकाराचा कायदा झाला होता, आणि जर्मनीत हिटलरच्या आधीचे वायमार प्रजासत्ताक होऊन गेले होते. तिसरे, शरणागती संपूर्ण होती, नोकरशाही शाबूत होती आणि कब्जेदारांनी वर्षानुवर्षे राहण्याची तयारी ठेवली होती. जपानवरचा कब्जा एप्रिल १९५२ पर्यंत टिकला. बाहेरून लादलेल्या सत्तांतरांचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांडर डाउन्स आणि जोनाथन मॉन्टन यांनी २०१३ मध्ये हाच निष्कर्ष मांडला, की अशा सत्तांतराने सहसा लोकशाही येत नाही, आणि जेथे आली तेथे तिला अनुकूल परिस्थिती आधीपासून होती. म्हणून समोरच्याला एवढेच विचारावे की प्रस्तावित देशात यांपैकी काय आहे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ तपासा

राजवट कोसळल्यानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी लेखी उत्तरे मागावीत. पोलिसांचा पगार कोण देणार, शस्त्रे कोणाच्या हाती राहणार, मतदारयादी कोण करणार, आणि जुन्या राजवटीतील शिक्षक, लिपिक, अभियंते यांचे काय होणार? हे प्रश्न किरकोळ वाटतात. बगदादमध्ये कब्जेदार प्रशासनाने १६ मे २००३ रोजी काढलेल्या पहिल्याच आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणींतील सदस्यांना सरकारी नोकरीतून बाद केले, आणि आठवड्याभराने, २३ मे रोजी, दुसऱ्या आदेशाने इराकचे सैन्यच बरखास्त केले. दोन कागद, सात दिवस. आणि लाखो शस्त्रप्रशिक्षित माणसे एकाएकी बिनपगारी, अपमानित आणि भविष्यहीन झाली. ३० जानेवारी २००५ च्या निवडणुकीत जांभळ्या शाईने माखलेले बोट उंचावणाऱ्या इराकी स्त्रीपुरुषांचे धैर्य खरे होते, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्या छायाचित्रांच्या आगेमागे यादवी पेटत होती, आणि केवळ नोंद झालेले हिंसक नागरी मृत्यू २०११ अखेरपर्यंत एक लाखाच्या वर गेले.

अफगाणिस्तानात पहिल्या निवडणुकीचा उत्साह किती टिकला ते मतदानाच्या आकड्यांतच वाचता येते. २००४ मध्ये ८० लाखांहून अधिक लोकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान केले. २००९ मध्ये दहा लाखांहून अधिक मते बनावट ठरून बाद झाली. २०१४ मध्ये वाद इतका चिघळला की अमेरिकी मध्यस्थीने दोन उमेदवारांत सत्ता वाटून द्यावी लागली, म्हणजे मतदाराच्या निर्णयाला अर्थच उरला नाही. २०१९ मध्ये ९६ लाखांच्या आसपास नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे १८ लाखांची मते मोजली गेली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले तेव्हा ही घसरण कधीच होऊन गेली होती.

इतर मार्ग संपले होते का

'शेवटचा उपाय' हा शब्द सैल वापरला जातो. तो घट्ट धरावा. इराक युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीने जुलै २०१६ मधल्या अहवालात स्पष्ट म्हटले की शांततेचे मार्ग संपले नव्हते आणि त्या वेळी युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता. हे सात वर्षांच्या चौकशीनंतर सांगितले गेले. आपण ते आधी विचारले पाहिजे. बंड करून सत्तेवर आलेल्या सरकारला मान्यता नाकारणे, सत्ताधाऱ्यांची परदेशातील मालमत्ता गोठवणे, त्यांना शस्त्रे विकणे थांबवणे, परागंदा लोकांना आश्रय देणे, स्वतंत्र वृत्तमाध्यमांना आणि निवडणूक निरीक्षकांना साहाय्य करणे, हे सर्व झाले का? विशेषतः हस्तक्षेप करू पाहणारा देश कालपर्यंत त्याच राजवटीला शस्त्रे पुरवत होता का? पोर्तुगाल १९७४ मध्ये, पोलंड १९८९ मध्ये आणि दक्षिण आफ्रिका १९९४ मध्ये परकीय आक्रमणाविना मोकळे झाले. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातील चळवळींची तुलना केली तेव्हा अहिंसक चळवळी सशस्त्र चळवळींच्या सुमारे दुप्पट प्रमाणात यशस्वी झाल्याचे आढळले.

कधी कधी सर्व अटी जवळजवळ पुऱ्या होऊनही थांबणेच शहाणपणाचे ठरते. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ रोजी निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना हटवले गेले तेव्हा एकोवासने एक आठवड्याची मुदत देऊन बळाच्या वापराचा इशारा दिला. पण शेजारच्या माली आणि बुर्किना फासो या लष्करी राजवटी बंडवाल्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, नायजरचे सैन्य फुटले नाही, आणि मोहीम झाली नाही. गॅम्बियात उपयोगी पडलेले दडपण येथे प्रादेशिक युद्धात बदलले असते. न्याय्य कारण असणे आणि यशाची वाजवी शक्यता असणे या वेगळ्या अटी आहेत, आणि दुसरी नसेल तर पहिलीच्या नावाने माणसे मारणे समर्थनीय होत नाही.

मत लिहून ठेवा आणि त्याकडे परत या

शेवटी आपला निर्णय एका परिच्छेदात लिहावा : कोणत्या पुराव्यामुळे आपण या बाजूला आहोत आणि कोणता पुरावा समोर आला तर आपण बाजू बदलू. पाठिंबा देत असाल, तर ज्यांच्या छतावर बॉम्ब पडणार आहेत त्यांना कोणीही विचारलेले नाही, हे त्याच परिच्छेदात लिहावे. विरोध करत असाल, तर त्या राजवटीच्या तुरुंगात जे राहणार आहेत त्यांचाही उल्लेख तितक्याच स्पष्टपणे करावा. मग त्याखाली तारीख घालावी आणि एक, पाच व दहा वर्षांनी तो कागद पुन्हा वाचावा, कारण लवकर केलेला हिशेब फसवतो. लिबियात ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारला गेला तेव्हा मोहीम फत्ते झाल्याचे सांगितले गेले; जुलै २०१२ मध्ये तेथे निवडणूक झाली, बहुसंख्य नोंदणीकृत मतदारांनी उत्साहाने मतदान केले, आणि ज्यांनी हस्तक्षेपाला विरोध केला होता त्यांना आपले चुकले असे वाटावे, अशीच ती परिस्थिती होती. २०१४ मध्ये त्रिपोली आणि तोब्रुक येथे दोन प्रतिस्पर्धी सरकारे उभी राहिली आणि देश दुसऱ्या यादवीत लोटला गेला. राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी २४ डिसेंबर २०२१ हा दिवस ठरला होता. लाखो लोकांनी मतदारपत्रे घेऊन ठेवली होती, आणि दोन दिवस आधी ती निवडणूक पुढे ढकलण्यात आली.